रात्रीच्या रक्ताचं ऋण

माझ्या छातीतला खोकला आणि माझ्या आत्याचा सुजलेला पाय, या दोन्हींच्या मुळाशी एकाच जातीचा कृमी होता. हे मला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात कळलं. तोवर एकाच छपराखाली राहून आम्ही दोघी आपापलं दुखणं वेगळं समजत होतो. पुढे मी बरी झाले, शिक्षिका झाले, संसार केला. या सगळ्यासाठी मी ज्यांचं देणं लागते, त्यांतल्या बहुतेकांची नावं मला ठाऊक नाहीत. त्यांच्याविषयी लिहावं असं फार दिवस मनात होतं.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं, नाल्याकाठचं. घरांचं सांडपाणी गल्लीतून वाहत जायचं आणि नाल्याच्या वळणावर साचून राहायचं. दिवेलागणीला डास उठले की आई कडुलिंबाचा पाला जाळून धूर करी. हत्तीपाय झालेलं माणूस आमच्याकडे नवलाचं नव्हतं. दर दोन-तीन गल्ल्यांआड एखादं असेच. आमच्या घरात आत्या होती. लग्नानंतर काही वर्षांनी तिला वरचेवर ताप येऊ लागला. ताप आला की जांघेत गाठ यायची, डावा पाय लाल होऊन ठणकायचा. ताप उतरायचा, पण दर वेळी थोडी सूज मागे राहायची. पाय लपेना तेव्हा सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. गावात बायका म्हणत, "मागल्या जन्मीचं भोगून रायली बिचारी." मीही हेच ऐकत मोठी झाले आणि हेच खरं मानत होते. पावसाळ्यात तिच्या पायाला वास यायचा, तेव्हा मी अंथरूण उचलून दुसऱ्या खोलीत जाई. आत्या कधी काही बोलली नाही.

1980 नंतरच्या दशकात मी डी.एड.साठी वर्ध्याला खोली करून राहिले होते, तेव्हा माझा खोकला सुरू झाला. दिवसा मी बरी असे. रात्री एक-दोनच्या सुमाराला मात्र खोकल्याची उबळ येई आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागे. उशाला टेकून बसल्याशिवाय श्वास मिळत नसे. वजन उतरलं, अंगात कणकण राहू लागली. एका ठिकाणी दमा सांगितला. गोळ्यांनी थोडं बरं वाटे आणि पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी छातीच्या फोटोत बारीक ठिपके दिसले आणि क्षयाची शंका निघाली. ती शंका आमच्या घराच्या आधी गावात पोचली. माझ्या सोयरिकीचं बोलणं चालू होतं, ते थांबलं. खोलीवरच्या मैत्रिणींनी माझा पेला वेगळा ठेवला. त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. आत्याच्या खोलीतून अंथरूण उचलणारी मी त्यांच्याहून शहाणी नव्हते.

बाबांनी मला सेवाग्रामला नेलं. आमच्या भागात कुठलंही अडलेलं दुखणं शेवटी सेवाग्रामलाच जायचं. गांधीजी 1936 साली शेगावात राहायला आले, पुढे त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं, आणि डॉ. सुशीला नायर यांनी तिथे कस्तुरबांच्या नावानं दवाखाना उभा केला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, त्याच दवाखान्याला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. बाबांना एवढंच ठाऊक होतं की तिथले डॉक्टर खादी घालतात, खेड्यांत येतात आणि गरिबाला परत पाठवत नाहीत.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी आधीचे कागद बाजूला ठेवले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. खोकला दिवसा जास्त की रात्री? घराजवळ पाणी साचतं का? आणि मग, "घरात कुणाला हत्तीपाय आहे का?" बाबांनी मान खाली घातली. माझ्या खोकल्याचा आणि त्यांच्या बहिणीच्या पायाचा काय संबंध, हे त्यांना कळेना, आणि ती गोष्ट परक्या माणसाला सांगणंही जड जात होतं. अखेर ते म्हणाले, "हाय जी. माह्या बहिणीले हाय." डॉक्टरांनी ते शांतपणे लिहून घेतलं. आमच्या घरानं इतकी वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट त्या कागदावर रोगाचा धागा म्हणून लिहिली गेली, तेव्हा मला पहिल्यांदा थोडं हलकं वाटलं.

तपासण्या एकापाठोपाठ एक झाल्या. क्षयाची शंका दूर व्हावी म्हणून थुंकी तपासली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजल्या, तेव्हा इओसिनोफिल नावाच्या पेशी भलत्याच वाढलेल्या निघाल्या. निरोगी माणसात त्या एका घनमिलिमीटर रक्तात साधारण पाचशेच्या आत असतात, माझ्या रक्तात तीन हजारांच्या बऱ्याच वर होत्या. आमच्याकडे लोक याला सरसकट 'इसनोफिलिया' म्हणतात आणि रोगाचं नाव समजतात. डॉक्टर म्हणाले, "हे रोगाचं नाव नाही बेटा, ही खूण आहे. शरीर कुणाशी तरी लढतंय. कुणाशी, ते शोधायचंय." अंकुशकृमी आणि पोटातल्या इतर जंतांनीही या पेशी वाढतात, म्हणून शौचाचीही तपासणी झाली. मला त्याची फार लाज वाटली. पुढे वाचनात आलं की 1944 साली आगाखान पॅलेसच्या कैदेतून सुटल्यावर खुद्द गांधीजींच्या तपासणीत अंकुशकृमी आणि अमीबाचा संसर्ग निघाला होता. तेव्हा ती लाज गेली. कृमीला माणसाचं मोठेपण कळत नाही. अनवाणी पाय, दूषित पाणी आणि डास हेच त्याचे रस्ते.

मग रात्रीच्या रक्ताची पाळी आली. वॉर्डातले दिवे मंद झाल्यावर, अकरा वाजून गेल्यावर, प्रयोगशाळेतले भाऊ काचपट्ट्यांची पेटी घेऊन आले. मी विचारलं, "दिवसाच घेतलं असतं तर नसतं का चाललं?" ते खाटेजवळच्या स्टुलावर बसले आणि दिवसभराचं काम झालेलं असूनही सगळं नीट समजावून सांगितलं. हत्तीरोगाचे मोठे कृमी दोऱ्यासारखे असतात आणि लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षं जगतात. मादी बोटाएवढी लांब असते. तिची लाखो सूक्ष्म पिल्लं रक्तात उतरतात, ती मात्र रात्री. आपल्याकडे ती बहुतेक रात्री दहा ते दोनच्या दरम्यान अंगभरच्या रक्तात येतात आणि दिवसा फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून बसतात. ज्या क्युलेक्स डासातून ती पसरतात तो डासही रात्रीच चावतो. डासाच्या अंगात या पिल्लांची वाढ होते, हे पॅट्रिक मॅन्सन नावाच्या डॉक्टरनं चीनमधल्या अमॉय बंदरात 1877 साली शोधलं होतं. बोट टोचून भाऊंनी काचेवर रक्ताचे तीन थेंब घेतले. माझ्या गावात डास रोज रात्री चावत होते आणि घरात आत्या होती, तरी हे सांगणारा माणूस मला त्या रात्री पहिल्यांदा भेटला.

काचेवर काही सापडलं नाही. बाबांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, हीही वाट बंद झाली. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी पुढे शाळेत मुलांना अनेकदा सांगितलं आहे. न सापडणं म्हणजे नसणं, असं प्रत्येक वेळी नसतं. काही माणसांचं शरीर या सूक्ष्म पिल्लांवर इतकं चवताळून उठतं की ती रक्तात फिरूच शकत नाहीत. फुप्फुसांतच अडकतात, मारली जातात, आणि त्या झटापटीतच खोकला, धाप आणि फोटोतले ठिपके तयार होतात. ठिपके दिसतात म्हणून हा रोग क्षयासारखा वाटतो आणि धाप लागते म्हणून दम्यासारखा. 1940 साली आंध्रातल्या मदनपल्लीच्या क्षयरोग आरोग्यधामातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद केली होती. त्यांना क्षय वाटावा असा आजार होता, पण क्षय नव्हता. कारण पक्कं व्हायला आणखी वीस वर्षं गेली. 1960 साली वेल्लोरच्या डॉक्टरांना अशा रुग्णांच्या फुप्फुसाच्या तुकड्यांत हत्तीरोगाची सूक्ष्म पिल्लं सापडली.

आता प्रश्न होता तो माझ्यापुरता. काचेवर कृमी दिसत नसेल तर तो आहे हे ओळखायचं कसं? त्याचं एक उत्तर सेवाग्राममध्येच तयार होत होतं. तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागात डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांचे सहकारी हत्तीरोगावर काम करत होते. पुढे त्याच कामातून जमनालाल बजाज ट्रॉपिकल डिसीज रिसर्च सेंटर हे नाव प्रसिद्ध झालं. कृमी लपला तरी त्याच्या विरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं रक्तात असतात. ती ओळखायला कृमीचाच एखादा अंश लागतो. या विभागानं सूक्ष्म पिल्लं प्रयोगशाळेत काही काळ जिवंत ठेवली, ती द्रवात जी प्रथिनं सोडतात ती गोळा केली आणि त्यांच्या आधारे एलायझा पद्धतीची तपासणी बसवली. माझं रक्त त्या तपासणीला गेलं आणि होकारार्थी उत्तर आलं. डॉक्टरांनी तेही एकट्यानं पुरेसं मानलं नाही. हत्तीरोगाचा मुलूख, रात्रीचा खोकला, वाढलेल्या पेशी, नकारार्थी थुंकी आणि ही तपासणी, सगळं एकत्र मांडून ते म्हणाले, "आता औषध देऊ. औषध काय उत्तर देतं, तोही पुरावाच."

औषध होतं डीईसी. वजनाप्रमाणे मोजून दिलेल्या साध्या गोळ्या, तीन आठवडे. पहिले काही दिवस ताप आणि डोकेदुखी झाली. मग एका सकाळी जाग आली तेव्हा लक्षात आलं की रात्र मध्ये न उठता सरली होती. कित्येक महिन्यांत तसं झालं नव्हतं. हे औषध 1947 च्या सुमारास अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत पुढे आलं आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हे मी फार उशिरा वाचलं.

निघायच्या आधी मी लॅबमधल्या त्या भाऊंना भेटायला गेले. तपासणीसाठी लागणारी ती सूक्ष्म पिल्लं येतात कुठून, असं मी सहज विचारलं. ते म्हणाले, "हा कृमी प्रयोगशाळेतल्या उंदीर-सशांत वाढत नाही. तो माणसातच वाढतो. म्हणून खेड्यांत जायचं, मध्यरात्री लोकांना उठवायचं आणि ज्यांच्या रक्तात तो आहे त्यांना रक्त मागायचं." मी विचारलं, "देतात लोक?" ते म्हणाले, "देतात. म्हणून तर तुमची तपासणी झाली."

या एका वाक्यानं माझं पुढचं आयुष्य बदललं. दिवसभर वावरात राबून निजलेल्या कुणीतरी कंदिलाच्या उजेडात हात पुढे केला होता. त्या रक्तातून आपल्याला काय मिळणार, हे त्यांनी विचारलं नसावं. त्यांना माझं नाव ठाऊक नव्हतं आणि मला त्यांचं नाही. डॉक्टरांचे आभार मी मानले होते, बाबांनी तर त्यांच्या पायांना हात लावला होता. या माणसांचे आभार मानायला कुठे जावं, हे मला समजेना.

नोकरी लागली तीही वर्धा जिल्ह्यातच, खेड्यातल्या शाळेत. एका वर्षी आरोग्य विभागाचं पथक रात्री रक्त तपासायला येणार होतं आणि गाव दारं लावून बसलं. रक्त विकतात, रक्तानं अंगातली ताकद जाते, अशा गोष्टी पसरल्या होत्या. मी पथकाबरोबर दारोदार गेले. प्रत्येक घरी आधी माझं बोट टोचून घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटत होतं, पण एकदाच टोचता येतं. म्हणून पहिल्या घरात मी पुढे झाले आणि माझी गोष्ट सांगितली. एक म्हातारी म्हणाली, "बाई, तुह्या खोकल्यासाठी कोणी देल्लं, तं मी बी देतो." तिचा हात धरून मी कंदील उंच केला. आपलं देणं कुठे फेडायचं, ते मला तिथे थोडं कळलं.

सेवाग्रामच्या संस्थेशी संबंध पुढेही राहिला. तिथे वैद्यकीय शिक्षण सुरू होण्याआधी मुलांना आश्रमात शिबिराला राहावं लागतं आणि प्रत्येक तुकडी एक खेडं दत्तक घेते. ती मुलं आमच्याकडे आली की मी त्यांना नाल्याचं वळण दाखवी. त्यांनी आणि गावकऱ्यांनी मिळून शोषखड्डे खोदले, संडासाच्या पाइपांना जाळ्या बसवल्या. काही गावांत शेतकरी सुगीला ज्वारी देऊन दवाखान्याच्या आरोग्य विमा योजनेचे सभासद होत. पैशाऐवजी पायलीनं ज्वारी मोजून दवाखान्याशी नातं जोडता येतं, हे मी तिथे पाहिलं.

सेवाग्रामनं मला आणखी एक गोष्ट दिली, ती वेगळी सांगायला हवी. मी बरी झाल्यावर गावात जो तो आपल्या जुन्या दुखण्यामागे कृमी शोधू लागला. मलाही तसंच वाटे. एकदा शेजारच्या काकांना जुनाट खोकला होता. हा माझ्यासारखाच आजार म्हणून मी खात्रीनं त्यांना सेवाग्रामला घेऊन गेले. थुंकीत क्षयाचे जंतू निघाले. वेळेवर उपचार झाले आणि ते बरे झाले. त्या दिवशी मी समजले की शोध म्हणजे आपल्या मनातल्या उत्तरासाठी पुरावा जमवणं नव्हे. माझ्या डॉक्टरांनी कृमीची शंका घेतली, तरी आधी क्षय तपासला होता, पोटातले जंत तपासले होते. त्यांच्या शंकेइतकाच त्यांचा हा संयमही माझ्या कामी आला होता.

आता आत्याविषयी. बरी होऊन घरी आले तेव्हा मला वाटलं, माझ्या गोळ्या तिलाही द्यायच्या आणि तिचा पाय उतरेल. तिला सेवाग्रामला नेलं. डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. कृमी मेला तरी ज्या लसीकावाहिन्या त्यानं निकामी केल्या त्या परत येत नाहीत. इतक्या वर्षांची सूज औषधानं जाणार नव्हती. मी रडले. आत्या रडली नाही. "माहा पाय राहू दे, तुही छाती मोकळी झाली नं," एवढंच ती म्हणाली.

तरी एक गोष्ट करता येण्यासारखी होती, आणि ती पुढे नीट शिकायला मिळाली. वरचेवर येणारा ताप पुष्कळदा बोटांच्या बेचक्यांतून, भेगांतून शिरणाऱ्या जंतूंमुळे येतो आणि अशा प्रत्येक तापानं सूज वाढते. म्हणून पाय रोज साबणानं धुवायचा, बेचक्या कोरड्या करायच्या, जखमेला मलम लावायचं, बसताना पाय उंच ठेवायचा, अनवाणी फिरायचं नाही. गावाकडे असले की आत्याचा पाय मी धूत असे. आधी तिला संकोच व्हायचा, मग सवय झाली. तापाच्या फेऱ्या विरळ झाल्या, वास गेला, आणि ती पुन्हा लग्नाकार्याला जाऊ लागली. एका हळदीच्या कार्यक्रमात बायकांमध्ये बसून ओव्या म्हणणारी आत्या मी पाहिली. त्याआधी गाणी ऐकायची झाली तरी ती आतल्या खोलीतूनच ऐकत असे.

2004 पासून हत्तीरोगाच्या मुलखात दरवर्षी सगळ्यांनाच गोळ्या द्यायची मोहीम सुरू झाली. आधी डीईसी, पुढे त्याच्या जोडीला अल्बेंडाझोल. 2019 मध्ये आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिन धरून तिन्ही औषधं एकत्र देण्यात आली, देशातल्या सुरुवातीच्या मोजक्या जिल्ह्यांत नागपूर होता. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं सोडून बाकी सर्वांनी जेवण झाल्यावर, आरोग्य सेवकासमोर गोळी गिळायची असते. लोक विचारतात, "आम्हाले काही झालंच नाही, तं गोळी कायले?" हा प्रश्न रास्त आहे. मी त्यांना सांगते, कृमी वर्षानुवर्षं अंगात राहतो आणि कळतही नाही. आपल्याला काही होत नसतानाही आपल्या रक्तातून डास तो दुसऱ्या घरी नेऊ शकतो. गोळी आपल्यासाठी आहे आणि शेजारच्या लेकरासाठीही.

आत्या आता नाही. लॅबमधले ते भाऊ केव्हाच निवृत्त झाले. ज्यांच्या रक्तावर माझी तपासणी झाली ती माणसं कोणत्या गावची होती, हे मी शेवटपर्यंत शोधू शकले नाही. त्यांना भेटता येत नसेल तर त्यांनी केलं ते आपण करावं, एवढंच माझ्या हाती आहे. रात्री रक्त तपासणारं पथक दारात आलं तर दार उघडावं आणि बोट पुढे करावं. गोळी वाटायला कुणी आलं तर जेवून घेऊन त्याच्यासमोर गिळावी. घरात कुणाला हत्तीपाय असेल तर ते दुखणं आतल्या खोलीत न लपवता दवाखान्यात सांगावं, कारण त्याच्या सांगण्यावरून त्याच घरातल्या दुसऱ्या कुणाचा खोकला ओळखला जाऊ शकतो. माझा तसाच ओळखला गेला.